लाल भाकरी

मीनाचं वागणं आताशा सारजाबाईंच्या डोळ्यांत खुपत होतं. कधीतरी यायचं, उंबऱ्यातच उभं राहायचं, बूड टेकायचं नाही की चहाचा घोट घ्यायचा नाही. केस विस्कटलेले, पदर मळलेला... आणि लेकीनं आईच्या गळ्यात पडावं, ते सोडून मुकादमासारखी चौकशी! "आई, ज्वारी हाय न्हवं? जेवलीस न्हवं?"

"न जेवायला काय झालंय?" सारजाबाई फणकारायच्या. "सगळी चाळ रेशनची लाल मिलो ज्वारी चावती, अन् माझ्या डब्यात मंगळवेढ्याचा पांढराशुभ्र शाळू! माझा हरिदास आणतो की! म्हातारपणी बघायचं ते लेकानंच. तुज्या घरचं तर मला पाणीसुदीक चालत न्हाय."

हे शेवटचं त्या मुद्दाम बोलायच्या. लेकीच्या पोटी मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. आणि लग्नाला इतकी वर्षं उलटली तरी मीनाची कूस रितीच! मीना मान खाली घालून निघून जायची...

सारजाबाईंनी मिलच्या सूतखात्यात उभी हयात काढली होती. मिल सोडणाऱ्याच्या जागी त्याचा वारस घेत. "आई, मला लाव, मी सांभाळीन तुला," म्हणून मीनानं तेव्हा पाय धरले होते. पण लेक म्हणजे परक्याचं धन! हातपाय धड असताना सारजाबाईंनी जागा हरिदासला दिली, फंडाचा पैसाही त्याच्याच लग्नात घातला. आता सून बाळंतपणाला माहेरी, वैरागला गेलेली. नातवाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं, एवढंच उरलं होतं.

त्या दुपारी सूतखात्यातली जुनी सोबतीण काशम्मा आली. पान जुळवता जुळवता म्हणाली, "अक्का, मीनाचा हात अगदी तुमच्यासारखा चालतो बघा. मशीन बी तुमचीच!"

"मीना? ती कशाला मरायला मिलमधी यील? तितं माझा हरिदास हाय."

काशम्माचं पान हातातच राहिलं. "हरिदास तर दिवाळीलाच मिल सोडून गेला की वो! कापसाची धूळ सोसंना म्हणला. मग मीना दिसभर सायबाच्या दारात बसली, अन् ती जागा धरली. पगार झाला की गेटवरच त्याच्या खांद्यावर ज्वारीचं पोतं देती... तुमाला ठाव न्हाय?"

तो शाळू... ज्याच्या जिवावर चाळभर तोरा मिरवला, तो लेकीच्या घामाचा! आणि नाव भावाचं! कारण आई उपाशी मरेल पण लेकीच्या घासाला शिवणार नाही, हे त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं... अरे देवा!

पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि त्या तडक मीनाच्या घरी निघाल्या.

मीना नुकतीच येऊन जेवायला बसली होती. विस्कटलेल्या केसांत कापसाचे पांढरे तंतू अडकले होते, ताटलीत चटणी... आणि भाकरी! लालभडक, मिलोची! आईला दारात पाहताच तिनं झटकन ताटलीवर पदर ओढला.

"आई? तू... हितं?"

"काढ त्यो पदर!"

"आई, हरिदासला बोलू नगंस गं... लई शरमला हुता त्यो. म्या तुला बाटवायला न्हाय केलं, आई... तू जेवावीस म्हणून..."

आजवर ज्या उंबऱ्याबाहेरूनच परतल्या होत्या, तो ओलांडून सारजाबाई लेकीसमोर फतकल मारून बसल्या. तिच्या केसांतला एकेक तंतू वेचू लागल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाजाची धार तशीच होती.

"हरिदासचं मी बघते. पर तू खोटारडी हायेस, मीने! सोता लाल चावलीस, अन् मला पांढरी चारून फसवलीस. लेकीचं खाल्लं म्हणून नरकात जायचंच आसंल, तर आता उपाशी कशाला जाऊ? यातली अर्धी वाढ मला... अन् आधी पाणी आण. तुज्या घरचं!"