धरा हं

दाढी करून झाली तेव्हा खिडकीतून दिसणारा सूर्य समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीमागे गेला होता. तिने ओल्या टॉवेलने नवऱ्याचे गाल पुसले, हनुवटीखाली राहून गेलेले दोन चुकार केस पुन्हा रेझर फिरवून काढले आणि त्याच्यापुढे आरसा धरला.

"काय नवरदेव, आवडलं का?"

"नवरदेवाला न्यायला येतायत. म्हणून तर नटवतेयस," तो म्हणाला.

"गप्प बसा हो! काहीतरी अभद्र बोलायचं." ती रागावली. दुपारी खालच्या मजल्यावरची नर्स येऊन त्याची नाडी बघून गेली होती. जाताना जिन्यात थांबून तिने खालच्या आवाजात सांगितलं होतं, "लेकीला बोलावून घ्या. रात्र निघेल असं वाटत नाही." लेक परगावी नोकरीला होती. निरोप मिळताच ती टॅक्सी करून निघाली होती. "बाबांना म्हणावं, मी पोचेपर्यंत थांबा," फोनवर एवढंच म्हणून ती रडायला लागली होती. तेव्हापासून हिचा जीव टांगणीला लागला होता. देवाकडे आता दुसरं काही मागणं नव्हतं. लेक दारात येईपर्यंत त्याने डोळे मिटू नयेत, बाकी पुढचं पुढे.

बिल्डिंगमध्ये तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिची सारी नोकरी झाली होती. "धरा हं," हे तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की दूध उतू जायला लागलं तरी ती गॅसकडे धावताना दुधालाच "धरा हं" म्हणायची. नवरा त्यावरून तिला आयुष्यभर चिडवत आला होता. "तू त्या बिचाऱ्यांना धरायला लावतेस आणि विसरतेस," तो म्हणायचा. "मी नाही विसरत," ती म्हणायची. "आणि धरून बसलेला माणूस काही गप्प बसत नाही, बरं का. तिकडे त्याचं हॅलो, हॅलो चालूच असतं. आपल्याला ऐकू येत नाही, इतकंच."

"अगं, आज चंद्राची कोर छान दिसेल," तो आता म्हणाला. "आकाश स्वच्छ आहे. एक फोटो काढून आण."

तिने कपाळाला हात लावला. निवृत्तीनंतर त्याने दुर्बीण आणली होती. नकाशे आखण्यात जन्म गेलेला माणूस, एकेकाळी पट्टीशिवाय सरळ रेघ काढायचा. पण दुर्बीण घरात आली आणि हाताला कंप सुटला. चंद्राचे त्याने काढलेले सगळे फोटो हललेले. कधी पांढरा डाग, कधी दोन चंद्र, कधी नुसतंच काळं. एक धड फोटो निघाला नव्हता.

"मला कुठे येतं ते?"

"मी सांगतो ना. तुझा हात हलत नाही." थोडा वेळ तो नुसता श्वास घेत राहिला. "लेकीला दाखवू. आणि चंद्र मावळेपर्यंत तर मी आहेच. त्याच्याआधी कुठे जात नाही."

तो थट्टेतच म्हणाला. पण तिने ते मनाशी घट्ट धरलं. दिवसभरात धरायला दुसरं काही मिळालंच नव्हतं.

त्याचा आवाज आता खोलीबाहेरही जात नव्हता. म्हणून तिने नव्या सेटमधला एक स्टीलचा पेला काढला, चेहरा दिसेल इतका लखलखीत, आणि त्याच्या उशाशी उपडा ठेवला. हातात चमचा दिला. "काही लागलं तर वाजवा. खिडकी उघडी आहे, गच्ची बरोबर वर आहे. वाजवलंत की मी खाली."

त्याने वाजवून दाखवलं. टिंग.

गच्चीवर तिने तिकाटणं उभं केलं, त्यावर दुर्बिणीची नळी बसवली, आणि तिथून तिची फजिती सुरू झाली. आधी काही दिसेचना. मग लक्षात आलं की पुढचं झाकण काढलेलंच नाही. झाकण काढलं तर चंद्र सापडेना. नुसत्या डोळ्यांना समोर टाकीच्या वर ढळढळीत कोर दिसत होती आणि नळीतून सगळं आकाश रिकामं. वरून खाली, खालून वर करताकरता एकदम पांढरा लखलखाट डोळ्यात घुसला आणि ती "अगं बाई" म्हणून मागे सरली. मग पुन्हा हळूच डोळा लावला. कोरीच्या आतल्या कडेला खड्डेच खड्डे होते, एकेका खड्ड्यात काळीकुट्ट सावली. इतकं जवळ ते कधी असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिने मोबाइल क्लिपमध्ये अडकवून भिंगापाशी बसवला. फोटो काढला, तर पडद्यावर नुसता पांढरा गोळा. "उजेड कमी कर," असं तो फोटो काढताना स्वतःशीच कितीदा तरी बडबडला होता, ते आठवलं. तिने बोट सरकवून उजेड कमी केला. खड्डे दिसायला लागले. पण बटण दाबलं की सगळं हलायचं, आणि हलणं थांबेपर्यंत चंद्र पडद्याच्या कडेला जाऊन बाहेर पडायचा.

"अहो, हा थांबतच नाही!" ती कठड्यावरून वाकून ओरडली.

खालून टिंग, टिंग झालं. हसण्याऐवजीचं ते होतं, हे तिला कळलं.

चंद्र टाकीच्या दिशेने उतरत होता. दरवेळी ती नळी बोटभर सरकवून त्याला मध्ये आणायची आणि दरवेळी तो थोडा खाली गेलेला असायचा. आता टाकीची कड पडद्याच्या तळाशी दिसायला लागली. चंद्र मावळेपर्यंत, तो म्हणाला होता. गच्चीवरून रस्त्याचं वळण दिसायचं. तिथे अजून एकही गाडी नव्हती. तिने दोन्ही हातांनी नळी धरली. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, काय ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

खालून टिंग झालं. मग लगेच पुन्हा. टिंग, टिंग, टिंग.

हात सोडले तर चंद्र जाणार होता. ती पडद्यावरून नजर न काढता ओरडली, "धरा हं! आलेच!"

आणि चंद्र थांबला.

आधी तिला वाटलं, आपल्याला शेवटी जमलं. कोर पडद्याच्या मधोमध होती, स्वच्छ, एकेक खड्डा मोजून घ्यावा अशी. सरकत नव्हती. तिने एका हाताने बटण दाबलं. मग तिला जाणवलं की बटणाचा आवाज आला नाही. चमच्याचाही येत नव्हता. दोरीवरची चादर वाऱ्याने फुगली होती आणि फुगलेलीच राहिली होती. समोरच्या गॅलरीतला माणूस कुंडीत पाणी घालत होता. पाण्याची धार तांब्यापासून निघून मध्येच संपली होती. तिने पाय आपटला. कानात बोळे घातल्यासारखं सगळं मुकं होतं.

"अहो..." ती म्हणाली. स्वतःचा आवाज फक्त तिच्या डोक्यात ऐकू आला.

तिची पाचावर धारण बसली. पण भीतीच्या पाठोपाठ दुसरंच काही तिच्या मनात आलं, आणि ते आलं तसं तिचे डोळे भरून आले. चंद्र मावळणार नव्हता. म्हणजे तोही कुठे जाणार नव्हता. खाली पलंगावर तो असाच थांबलेला असेल, चमचा हातात, गुळगुळीत गालांचा. दुखणं थांबलेलं. श्वासाची ओढाताण थांबलेली. कित्येक महिन्यांत त्याला अशी विश्रांती मिळाली नव्हती. तिचा हात नळीवर होता तोवर त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं.

मग तिने रस्त्याकडे पाहिलं. वळणावर टॅक्सीचे दिवे होते, आत्ताच दिसू लागलेले. तेही थांबले होते.

तिने कितीतरी वेळ ते दिवे आणि तो चंद्र यांच्यात नजर फिरवली. नळी सोडली तर लेक येईल आणि नवरा जाईल. न सोडली तर दोघंही राहतील, एकमेकांना न भेटता. काहीतरी मधली वाट असेल म्हणून तिने पुष्कळ डोकेफोड केली. नळी किंचित ढिली धरून बघितली. चादरीचं टोक थरथरलं, आणि तिने घाबरून पुन्हा आवळली. ती रडली. भांडली, कुणाशी कोण जाणे. मग दमून कठड्याला टेकली आणि तशीच उभी राहिली, हात नळीवर. घाई कसली होती? त्याला त्रास नव्हता. दिवे जागेवर होते. ती त्याच्याबद्दल एकेक आठवत बसली. सुखाने बसली, असंच म्हणायला हवं. किती वेळ, हे सांगणार कोण. मोजायला काही चालूच नव्हतं.

शेवटी लेकीचं फोनवरचं रडणं तिच्या मनात उठलं आणि काही केल्या खाली बसेना. टॅक्सीत ती तशीच असेल, रडं गळ्यात अडकलेलं.

"सोडते हं," ती म्हणाली, आणि हात काढला.

टॅक्सीचा हॉर्न वाजला. कुंडीत पाणी पडलं. चादर फडफडली. चंद्र टाकीमागे उतरू लागला, आणि खालून आवाज आला, एकच, अगदी हलका. टिंग.

ती क्लिपमधला मोबाइल ओढून घेऊन जिन्याने धडपडत उतरली. तो गेला होता. अंग अजून गरम होतं, तोंड उघडं होतं, ओठ सुकून भेगाळलेले. मान खिडकीकडे वळलेली होती. तिने त्याचा हात हातात घेतला तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि लेक आत आली. एका जिन्याचं अंतर राहिलं होतं. लेक पलंगाशी कोसळली, "बाबा, बाबा" करत तिने त्याच्या गालाला गाल लावला आणि मग एकदम मान मागे घेतली.

"आई... बाबांची दाढी किती वाढलीय गं. करत नव्हतीस का?"

तिने पाहिलं. पांढरे खुंट नव्हते, चांगली दाढी होती. हनुवटीखाली बोटात धरता येईल एवढी.

"आत्ताच केली," ती म्हणाली. "वर जायच्या आधी... आत्ताच..."

"आई, काय बोलतेस तू?"

ती उठली. बेसिनपाशी गेली. ब्रशला साबणाचा फेस तसाच होता, पांढरा, ओला. बोट लावलं तर बोटाला लागला. रेझरच्या पात्याखाली त्याचे दाढीचे केस चिकटलेले होते.

मागे लेक तिचा मोबाइल हातात घेऊन बघत होती. "असाच फोटो बाबांना हवा होता ना?" ती हुंदके देत म्हणाली. "किती छान आलाय. जराही हललेला नाही..."

उशाशी जाऊन तिने त्याच्या मुठीतला चमचा सोडवला. चमच्याचं टोक वाकून चपटं झालं होतं. पेला उपडाच होता, तिने ठेवला होता तसा. तिने तो उचलून दिव्याखाली धरला, पण त्यात आता चेहरा दिसत नव्हता. वरपासून खालपर्यंत, सगळ्या बाजूंनी, तो चमच्याच्या पोच्यांनी भरून गेला होता. एका पोच्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि एका जागी तर पत्रा झिजून आरपार भोक पडलं होतं.