खिळ्यांचा उतार

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, पहाटेचे धुके विरण्याआधी, आम्ही तिघे बालाघाटाच्या घळीत उतरलो, ते एका वाक्याचा पाडाव करण्यासाठी. "सदर जागी मानवी वापराच्या कोणत्याही खुणा आढळून येत नाहीत." शासकीय पाहणी अहवालातले हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ते लिहिणारे गृहस्थ घळीच्या अलीकडे, गाडीची काचही खाली न करता, बारा मिनिटे थांबले होते. एवढीच काय ती उणीव.

ती जागा म्हणजे घळीपलीकडचा उतार. छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेआधी आमच्या वस्तीची माणसे तिथे पुरली जात. गावाने आम्हाला मरणानंतरसुद्धा घळीच्या पलीकडेच ठेवले होते, आणि आता तेवढीही जागा जास्त वाटू लागली होती. सुंदररावांना, म्हणजे गावच्या जमीनदार पुढाऱ्यांना, तिथे खडी क्रशर बसवायचा होता. सुरुंगांसाठी चुन्याच्या खुणाही पडल्या होत्या. हरकत घेतली ती माझ्या सिंधुकाकूने. काकू अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिची पहिली मुलगी, आठ महिन्यांची, त्या उतारावर आहे. तिच्या जबानीवर अधिकाऱ्यांचा शेरा होता: "ऐकीव." स्वतःच्या हातांनी मूल पुरल्याची हकिकत ऐकीव कशी ठरते, हे मला बत्तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवूनही समजलेले नाही. सुनावणी मंगळवारी होती. हरलो, तर बुधवारी सुरुंग.

पुराव्याची दिशा काकूनेच दाखवली होती. विहारात, बायकांच्या देखत, मी तिला जुन्या रीतीविषयी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "चारी कोपऱ्यांना खिळे ठोकायचे. मेलेलं उठून येऊ न्हाई म्हणून." आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध बोललेली मी त्या अंधश्रद्धेवर बेहद्द खूश झाले. लोखंड! हाडे मातीत मिसळतात, लोखंड सत्तर वर्षांनीही साक्ष देते.

माझा भाचा सौरभ परळीच्या वीज केंद्रात तंत्रज्ञ आहे. त्याने धातुशोधक यंत्र आणले: लांब दांडा, टोकाला ताटाएवढी थाळी, कानाला लावायचा हेडफोन. सोबतचे पुस्तक परदेशातल्या हिरवळीसाठी लिहिलेले होते. शुक्रवारआधीच्या सरावात आमच्या काळ्या खडकावर थाळी नेताच यंत्र जे किंचाळू लागले, ते थांबेचना!

"मॅडम, हे तर आमच्या सरपंचासारखं हाय," सुग्रीव म्हणाला. "काय बी नसलं तरी वरडतंय." सुग्रीव मेंढपाळ, त्या डोंगरातली प्रत्येक पायवाट त्याच्या मेंढ्यांनी पाडलेली.

"ओरडतंय तुझ्या कोयत्यामुळं बे," सौरभ म्हणाला.

कोयता दूर ठेवला. हातातले कडे काढले. माझ्या बुटांतली लोखंडी पट्टी ध्यानात आली, तेव्हा चपला घातल्या. तरी किंचाळणे चालूच! दोन दिवसांनी उलगडा झाला. आमच्या खडकातच लोहाचा अंश आहे. अशा जमिनीवर थाळी हळूहळू वरखाली करायची, बटण फिरवत राहायचे. यंत्र जमिनीचा आवाज ओळखून त्याबाबत गप्प बसते, आणि मगच जमिनीत जे परके आहे ते बोलू लागते. आणखी एक गोष्ट कळली. जगभरचे हौशी लोक लोखंडाचा स्वर बंद करून सोन्यारुप्याचाच ऐकतात. यंत्रावर त्यासाठी खास सोय आहे. आम्ही उलट केले. माझ्या विषयातले बहुतेक ग्रंथ ती सोय वापरूनच लिहिलेले आहेत, हे मला तेव्हा फार स्पष्ट दिसले.

घळ दीडशे फूट खोल. दोन्ही काठांवर काळे कडे, तळाशी आटलेल्या ओढ्याचे गुळगुळीत धोंडे, आणि त्यांवरून वाट शोधत जाणारा सुग्रीव, खांद्यावर घोंगडी, पुढे कान लावल्यासारखी मान. अर्ध्या वाटेवर तो एकदम थांबला.

"सौरभदादा, अंगाला काय लावलंय?"

"सेंट. का?"

"वर बघा. बोलू नका."

कड्याखाली आग्या मोहोळ लोंबत होते, सुपाएवढे, काळेभोर. त्याची कड हलली. मग सगळेच हलले!

"खाली पडा!"

आम्ही धोंड्यांत पडलो. घोंगडी अंगावर आली. वर घोंघावणारा आकाशभर आवाज! सौरभला मानेवर चार डंख बसले, एक ओठावर. मला मनगटावर एक. अर्धा तास आम्ही तिघे मेंढ्यांच्या वासात श्वास रोखून होतो.

"लग्नाला निघाल्यागत कावून आलता?" शांत झाल्यावर सुग्रीव पुटपुटला. सौरभचा ओठ सुजला होता.

दहाच्या सुमारास उतारावर पोहोचलो. पिवळे गवत, मधोमध लाल मातीचा सपाट पट्टा, वरच्या अंगाला काळ्या खडकाची रांग. मी दोरीने पट्टे आखले. सौरभ थाळी फिरवू लागला. डावीकडून उजवीकडे, एक पाऊल पुढे, पुन्हा डावीकडे. यंत्र खडकापाशी किंचाळायचे, आणि तिथे बटण फिरवत बसायला वेळ नव्हता, म्हणून खडकालगतची पट्टी आम्ही वगळली. मातीवर मात्र ते गप्प होते. एक पट्टा. पाच पट्टे. अकरा पट्टे.

काहीच नाही!

ऊन चढले. एका सांडलेल्या काडतुसाखेरीज त्या मातीने आम्हाला काही दिले नाही. दुपारी दोन वाजता मी वही मिटली. अहवालातले वाक्य खरे ठरत होते, आणि ते खरे ठरवण्यासाठी मी स्वतः वर्गणी काढून यंत्र विकत आणवले होते.

"आत्या, काकूआजीला नीट आठवत नसेल," सौरभ सुजल्या ओठांनी म्हणाला.

"आठवतंय की न्हाई, तिलाच इचारा ना," सुग्रीव म्हणाला. "त्या सुळक्यावर रेंज येती. पर दगड कच्चा हाय."

एकसष्टाव्या वर्षी सुळका चढू नये, हे ज्ञान मला होते. मी चढले. सुग्रीव पुढे, त्याच्या हातातली दोरी माझ्या कमरेला. शेवटच्या टप्प्यावर पायाखालचा दगड हलला. सुटला! मी घसरले. खाली घळ, तोंडात माती, दोरीचा कमरेला झटका!

"धरलंय! हालू नका मॅडम. डावा पाय... डावा म्हणलं ना! वर कपार हाय."

कपार सापडली. वर पोहोचले तेव्हा दोन्ही तळहात सोलले होते. फोन लागला.

"काकू, इथं एकही खिळा नाही."



"कसे असतील? उपटले ना. दीक्षा घेऊन आल्यावर तुझ्या बापानंच उपटले. कचरू म्हणला, आता भूत न्हाई आन् खेत न्हाई, मेलेल्यांना मोकळं करा. समद्या वस्तीनं उपटले. मोठ्या हौसेनं."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस, रीत काय हुती. ती सांगितली. यशोधरे, जवळ कोण हाय?"

"सुग्रीव."

"त्याला लांब जाऊ दे."

सुग्रीवने ते ऐकले. तो दोरीच्या टोकापर्यंत सरकला आणि पाठ करून बसला.

"माझ्या पोरीचे न्हाई उपटू दिले," काकू हळू म्हणाली. "रातीतून त्याच्यावर धोंडा लोटला, कचरूला घावू न्हाई म्हणून. विहारात कसं सांगू? पंचशील म्हणते मी रोज. लोक म्हणतील, हिनं अजून खिळे जपलेत. काळ्या खडकाच्या कडंला हाय ती. सावली असती तिथं."

खडकाच्या कडेला! माझ्या वहीत त्या पट्टीपुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते: "निरुपयोगी." मीही काच खाली न करताच पाहिले होते. फरक असलाच तर माझ्या अक्षराच्या वळणाचा.

खाली उतरताच मी यंत्र स्वतः घेतले. खडकाला चिकटून उभी राहिले. थाळी वर, खाली. किंकाळी. वर, खाली. बटण जरासे. किंकाळी बारीक झाली. दहा मिनिटे, वीस मिनिटे. हळूहळू खडक गप्प झाला.

सुग्रीव आणि सौरभने चार धोंडे बाजूला केले. पाचवा हलवल्यावर खालची माती लाल निघाली. थाळी मुंगीच्या चालीने सरकवली.

टुक्!

आखूड, खालच्या पट्टीतला, स्वच्छ स्वर. लोखंड! हातभर अंतरावर दुसरा. मग काटकोनात तिसरा. चौथा कुठे असणार हे आता सांगण्याची गरज नव्हती. थाळी नेली, आणि तो तिथेच होता. चारही बिंदूंवर काड्या रोवल्या. मधली जागा पाळण्याएवढी.

सुग्रीवने पटका काढला.

मी खुरप्याने एका कोपऱ्यातली माती सारली. गंजून फुगलेले डोके वर आले.

"आत्या, एक उपटू," सौरभ म्हणाला. "मंगळवारी त्यांच्या टेबलावर ठेवू. हातात काही नसलं तर पुन्हा ऐकीव म्हणतील!"

"उपटलेला खिळा फक्त खिळा असतो. बाजारात किलोवर मिळतो. जागेवरचा असेल तरच ती कबर आहे."

"आणि सुंदररावांची माणसं आधी आली तर?"

माझी बोटे त्या गंजावर होती, आणि खरे सांगायचे तर ती त्याला धरून होती. एक ओढ पुरली असती. मी हात काढून घेतला. मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढली, अक्षांश-रेखांश टिपले, माती पूर्ववत केली, धोंडे होते तसे रचले.

"मी र्‍हातो हितं," सुग्रीव म्हणाला. "मेंढरं पोरगी आणंल. मंगळवारपर्यंत हितंच चारतो. माझ्या मेंढरांना कोण उठवतंय ते बघू."

सुनावणीत सुंदररावांच्या वकिलांनी छायाचित्रांना हरकत घेतली. मी म्हटले, उत्तम, मग साहेबांनी जागेवर चलावे, यंत्रही आणते. साहेबांनी घळीची खोली विचारली, आणि नाइलाजाने प्रत्यक्ष पाहणीचा व तोवर सुरुंगबंदीचा आदेश दिला.

त्या संध्याकाळी मी काकूपुढे बसले. आदेश वाचून दाखवला. तिने तो ऐकला की नाही, सांगता येत नाही.

"उपटलं न्हाई ना?"

"नाही."

"किती खोल हुता?"

"चार बोटं. फारच वर होता, काकू. इतका उथळ टिकला कसा, याचं मला नवल वाटलं."

ती आपल्या हातांकडे पाहत राहिली.

"बाप्ये धोंड्यानं ठोकू लागले. म्या म्हणलं, हळू. लेकरू निजलंय."