श्री नसलेलं पत्र

नाचणगावच्या प्रमिलाबाईंनी मला बोलावलं होतं ते जुनी पत्रं वाचून दाखवायला. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. पण वडील लोकांना जमिनीचे मोडीतले कागद वाचून द्यायचे, त्यांच्याजवळ बसून मी मोडी शिकले. चष्मा आणि भिंग पिशवीत टाकून दुपारच्या एसटीनं निघाले, तेव्हा मनात वेगळं काहीच नव्हतं. पोळा होऊन चार दिवस झाले होते. पावसानं उघडीप दिली होती आणि स्वच्छ ऊन पडलं होतं.

प्रमिलाबाई ऐंशीला टेकलेल्या. आठवड्यानं त्या कायमच्या नागपूरला, मुलाकडे जाणार होत्या. कवेलूंच्या छपराखालच्या मधल्या खोलीत त्यांनी पत्र्याची पेटी उघडली.

"हे आमचे त्र्यंबकपंत, नलू. माह्या आजेसासऱ्याचे चुलते. दीडशे वर्षांआधी दुर्बिणीतून तारे पाहत. गावातले लोक म्हणत, पंतांले शनीचं कडं दिसते, पण घरचं दार दिसत नाई."

मी हसले. वरचं पत्र उचललं. ते पंतांनी आपल्या भावाला लिहिलेलं होतं. मी वाचू लागले आणि माझा आवाज हळू होत गेला.

"ग्रहण सुटताच, हात थरथरत असता, घरी पत्र लिहिले. घाईत माथ्यावर श्री घालावयाचा राहिला. तिला वाचता येत नव्हते. मी शिकविलेले तेवढे एकच अक्षर तिला ओळखता येई."

मी थांबले. आपल्याकडे श्री नसलेलं पत्र कशाचं असतं, हे सांगायला नको. कोणीतरी गेल्याची बातमी. वाचायचं, लगेच फाडायचं, अंघोळ करायची. घरात ठेवायचं नाही.

"पंत ग्रहण पाह्याले दूर गेले होते. बायको, सगुणाबाई, एकटीच होती घरी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "टपालवाल्यानं हातात देल्लं. तिनं माथा पाह्यला... अन् परसातल्या विहिरीत गेली. सहाव्या दिवशी पंत दारात उभे. धडधाकट."

मग त्यांनी पेटीच्या तळातून एक फडकं काढलं. आत घडी घातलेलं पत्र होतं. लाखेची मोहर तशीच. पत्त्याच्या वरची जागा कोरी.

"पंतांनी फाडलं नाई, उघडलंबी नाई. म्हणत, तिचं पत्र आहे, तिनंच आयकलं पाह्यजे."

"मग मी कशी उघडू, काकू?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली मी. पोळ्याच्या चौथ्या दिवशी, दुपारी, टपालाच्या वेळेले... ती त्या उंबऱ्यावर येऊन बसते. ओल्या लुगड्याचा वास येते."

"भीती नाही वाटत?"

"पहिल्या वर्षी वाटली. पण तवा सासूचंच भेव एवढं होतं, का इचं काय घेऊन बसता!" त्या हसल्या, मग डोळे पुसले. "आता घराले कुलूप लागन. तो जिता होता, हे तिले कोण सांगन? वाच, नलू. तिच्यासाठी वाच."

आज चौथा दिवस होता. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मोहर नखानं सुटली. खोलीत विहिरीतल्या शेवाळाचा गार वास आला. मी उंबऱ्याकडे पाहिलं नाही. कागदावर डोळे ठेवून वाचू लागले.

"सौभाग्यवती सगुणेस आशीर्वाद. आज भर दिवसा रात्र झाली. पाखरे झाडांत शिरली..."

परसात चिमण्यांचा कलकलाट चालला होता. तो एकदम थांबला.

"झाडाखालचे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले. तुझ्या कपाळीची कोर आठवली..."

अक्षरं दिसेनात. खोली अंधारत होती. मी मान खाली घातली. कवेलूंच्या फटींतून सारवलेल्या भुईवर गोल कवडसे पडले होते. ते आता गोल नव्हते. वीस-पंचवीस चंद्रकोरी, उजेडाच्या, बारीक होत चाललेल्या. त्या दिवशी कुठलंही ग्रहण नव्हतं.

"काकू..."

"थांबू नको," प्रमिलाबाई पुटपुटल्या. त्यांनी हात जोडले होते.

शेवटच्या ओळी मी अंधारात कशा वाचल्या, मला सांगता येत नाही. "सूर्याभोवती मोत्यांसारखी प्रभा उभी राहिली. माझे गुडघे टेकले. तुला दाखविता आले असते तर... मी सुखरूप आहे. महालक्ष्म्या बसण्याआधी घरी येतो."

उंबऱ्यावर बांगड्या वाजल्या. एकदाच. कोणी हात तोंडाशी नेऊन रडू आवरावं, तशा.

भीती होती का? होती. पण देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर छाती भरून येते ना, तसंही झालं होतं. चिमण्या पुन्हा बोलू लागल्या. कवडसे गोल झाले. उंबरा कोरडा होता.

"रिवाजाप्रमाणे आता हे फाडायला हवं," मी म्हणाले.

प्रमिलाबाईंनी पत्राची घडी माझ्यासमोर धरली. त्यांनी माथ्याकडे बोट दाखवलं. "आता फाडाचं काम नाई, बाई."

माथ्यावरच्या कोऱ्या जागेत श्री होता. शाई नव्हती, नुसतं पाणी. पहिल्यांदा पाटी हाती धरलेल्या माणसानं काढावा तसा, मोठा, वाकडा, जपून काढलेला.

पत्र त्यांनी माझ्याकडे दिलं. ते माझ्या कपाटात आहे. आता वैशाख लागलाय, वर्ध्याचं ऊन अंग भाजून काढतंय, माठातलं पाणी दुपारपर्यंत अर्ध्यावर येतं. आज सकाळी मी घडी बाहेर काढून त्या श्रीवर बोट ठेवलं.

बोट ओलं झालं.