शेपटाकडचे गृहस्थ

सासूबाईंना विमानाने घरी आणायचं, एवढंच काम होतं. महिनाभर लेकीकडे राहून सासूबाईंचा गुडघा आणि लेकीचं डोकं, दोन्ही दुखायला लागलं होतं. शेवटी नणंदेने फोनवर हळू आवाजात सांगितलं, "वहिनी, तुझी या बाजूला ड्यूटी असेल तेव्हा आईला घेऊन जा. ती प्रश्न फार विचारते गं."

विमानातले सगळे सहकारी या वहिनीला ताई म्हणत. हवाईसुंदरी या शब्दातली सुंदरी ऐकून ताईंना अलीकडे हसू येई. वीसेक वर्षं ट्रॉली ढकलून कंबर पार कामातून गेली होती. पण हुकमत अशी, की एकदा भुवई उचलली की आडदांड प्रवासीही निमूटपणे पट्टा बांधायचा. नजर राहावी म्हणून त्यांनी सासूबाईंना अगदी शेवटच्या रांगेत, खिडकीशी बसवलं होतं.

विमान सुटायच्या आधीच सासूबाईंनी घंटी दाबली.

"अगं, या काचेला भोक आहे. बारीक आहे, पण आहे. आत्ताच कोणाला तरी दाखव."

"ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आई."

"भोक मुद्दाम? कशाला?"

"नंतर सांगते हं."

मग बाराव्या रांगेनंतर एकदम चौदावी कशी आली, तेरावीतली माणसं कुठे बसवली? दोन्ही वैमानिकांना वेगवेगळं जेवण का, त्यांचं पटत नाही का? सिगारेट ओढायला बंदी, तर टॉयलेटच्या दाराला ॲशट्रे कशाला? प्रत्येक प्रश्नाला ताई "नंतर सांगते" म्हणत राहिल्या. विमान उडालं, ढगात शिरलं. दुपार असूनही खिडक्यांबाहेर राखाडी काळोख दाटला आणि विमान खडबडीत रस्त्यावरच्या बैलगाडीसारखं हलायला लागलं.

तेव्हा तो वास आला.

ताई मागच्या किचनमध्ये कप लावत होत्या. जुन्या, कडक तंबाखूचा वास होता तो. बंद कपाटातल्या कोटाला येतो तसा. मागच्या टॉयलेटमध्ये कोणी नव्हतं. छतावरचं धूर ओळखणारं यंत्र गप्प होतं. त्यांनी दारातला ॲशट्रे ओढला. रिकामा. पण पत्र्याला बोट लावलं, तर तो गरम होता.

"ताई, आपण हे दार बंद करून 'बिघाड' अशी पाटी लावू या," मागून लंबू म्हणाला. लंबू म्हणजे त्यांचा सहकारी. सहा फुटांच्या वर उंची, दर फेरीत छताला एकदा तरी डोकं आपटायचं, आणि दारू पिऊन दंगा करणाऱ्याला एका हाताने खाली बसवायची ताकद. आत्ता मात्र तो कॉफीचा थर्मास छातीशी धरून उभा होता.

"बिघाड काय आहे?"

"काहीच नाही... तोच तर बिघाड आहे. या विमानात मागे एकट्याने थांबायला कोणीच तयार नसतं. तुम्ही आजच या विमानावर आलात."

"लंबू, चहा दे लोकांना," ताई म्हणाल्या. पण बोट त्यांनी दोनदा पुसलं.

थोड्या वेळाने सासूबाई टॉयलेटला जाऊन आल्या. जाताना कुरकुरत गेलेल्या, परतल्या त्या प्रसन्न मुद्रेने.

"काच तिहेरी असते," त्या म्हणाल्या. "मधल्या काचेला भोक ठेवतात. त्याने हवेचा दाब बाहेरच्या काचेवर जातो आणि आतल्या बाजूला वाफ धरत नाही. वैमानिकांना जेवण वेगळं, कारण एकाच जेवणाने दोघं एकदम आजारी पडले तर विमान कोण चालवणार? आणि तेरा आकडा लोकांना अशुभ वाटतो म्हणून रांगच गाळतात. माणसं कुठे जात नाहीत. इतकं सोपं होतं. तुला सांगता आलं नाही."

"कोणी सांगितलं हे?"

"तुमचे ते मागचे गृहस्थ. करड्या कोटातले. बोलतात हळू, पण काय नीट समजावून सांगतात. फक्त सिगारेट फार. मी म्हटलं, एवढं कळतं तर सोडा की. तर म्हणाले, आता सोडून काय उपयोग."

ताईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. विमानात करड्या कोटातलं कोणी नव्हतं.

"आई... अजून काय म्हणाले?"

"ॲशट्रेचं विचारलं ना मी. म्हणाले, बंदी असली तरी कोणीतरी ओढतोच. मग थोटूक टाकायला जागा नको? नाहीतर तो कचऱ्याच्या कागदांच्या पेटीत टाकतो." सासूबाईंनी पदर सावरला. "म्हणाले, मी टाकलं होतं. एकदाच."

लंबू एक पाऊल पुढच्या रांगांकडे सरकला.

तेवढ्यात मागच्या टॉयलेटचं दार आतून धडधडलं. सासूबाई बाहेर आल्यावर एक टायवाले प्रवासी आत गेले होते. चढल्यापासून घामाघूम, सारखे खिसा चाचपत होते.

"दार उघडा," आतून चिरका आवाज आला.

"साहेब, कडी तुमच्या बाजूला आहे," ताई म्हणाल्या.

"मी नाही लावली... यांनी लावली."

त्या टॉयलेटात एक माणूस वळला तरी कोपर नळावर आपटायचं. तिथे 'यांनी' म्हणजे कोण?

दाराच्या फटीतून आता धूर येत होता. या वेळी तो डोळ्यांना दिसत होता आणि त्याला जळक्या कागदाचा वास होता. भीती बाजूला पडली. अशा दारांवरची छोटी पट्टी उचलली, की खालची कडी बाहेरूनही सरकते. ताईंनी पट्टी उचलली, कडी सरकवू पाहिली. सरकेना. आतून कोणीतरी तिला बोटाने दाबून धरलं होतं.

"लंबू, आग विझवायचा सिलिंडर आण," त्या म्हणाल्या. मग दाराला तोंड लावून, आडदांड प्रवाशांशी बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "हे पाहा, तुमचं म्हणणं कळलं. पण पुढे लहान मुलं बसली आहेत. मला पेटी विझवू द्या."

आतली धडधड थांबली. मग कडी आपोआप मागे सरकली.

टायवाले साहेब लंबूच्या अंगावर कोसळले. ताईंनी श्वास रोखला आणि कागदांच्या पेटीत सिलिंडर रिकामा केला. वर पाण्याच्या बाटल्या ओतल्या. धुमसणं थांबलं. छताच्या यंत्रावर साहेबांनी प्लॅस्टिकचा कप चिकटवून ठेवला होता. आत दुसरं कोणी नव्हतं.

"मला म्हणाले, तिकडे टाकू नका," साहेब जमिनीवर बसून सांगत होते. "मला वाटलं भास झाला. मी टाकलं. मग त्यांनी कडी लावली आणि म्हणाले... आता बसा इथेच, मी बसलो तसे."

लंबूने एवढं ऐकलं आणि तोही साहेबांशेजारी बसला.

उरलेला प्रवास ताईंनी टॉयलेटच्या दाराशी उभं राहून काढला. विमान सुखरूप उतरलं. टायवाल्यांना न्यायला सुरक्षा रक्षक आले, तेव्हा ते इतक्या आनंदाने त्यांच्याबरोबर गेले, की रक्षकच बुचकळ्यात पडले. कॅप्टनने ताईंचा हात हातात घेऊन आभार मानले. लंबूने तिथल्या तिथे ठरवलं की आता तिकीट खिडकीवर काम करायचं, जिथे छतही उंच असतं.

टॅक्सीत बसल्यावर ताईंनी सवयीने सासूबाईंचा पट्टा बांधला. सासूबाईंनी त्यांचे हात आपल्या हातात घेतले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"चांगलं काम केलंस हो. मी बघत होते."

टॅक्सी मोठ्या रस्त्याला लागल्यावर ताईंनी विचारलं, "आई, तुम्हाला भीती नाही वाटली? त्या गृहस्थांची?"

"कशाची भीती? उतरताना पुन्हा भेटले की. मी विचारलं, तुम्ही कुठे उतरणार? म्हणाले, तेच तर कळत नाही इतकी वर्षं. मग त्यांनी आपल्या घरी कोण कोण असतं ते विचारलं."

"आणि तुम्ही..."

"सांगितलं. एवढ्या प्रश्नांची उत्तरं दिली माणसाने, मी एकाचं नको द्यायला? मागची खोली रिकामीच असते, हेही सांगितलं."

ताईंचा फोन वाजला. घरून नवरा बोलत होता.

"अगं, मी आत्ताच कामावरून आलो. मागच्या खोलीतला पंखा सकाळपासून चालू राहिला होता का? बंद केला, तर परत चालू झाला."

ताईंनी फोन सासूबाईंकडे दिला. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"राहू दे रे चालू," त्या म्हणाल्या. "फार उकाड्यातून आलेत ते."