डावखुऱ्याची खाच

हे खोटं असतं तर फार बरं झालं असतं. पण खरं आहे. माझ्या थोरल्या नणंदेच्या, वच्छलाबाईंच्या बाबतीत घडलेलं आहे. त्यांनी ते मला माझं लेकरू मांडीवर घेऊन सांगितलं. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही.

साल १९५७. फाल्गुन लागलेला. गाव चांदा. आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची.

तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. म्हणून इथं त्यांना नुसती वच्छलाच म्हणते.

स्टेशनपलीकडे एका बांबू कंपनीचं टिनाचं हापिस होतं. एटापल्लीकडच्या जंगलात कंपनीचे नऊ कॅम्प. नऊशे माणसं. कोण कुठे आहे, कोण तापाने पडलंय, हे वहीत शोधता शोधता कारकुनांचे डोळे जायचे. म्हणून साहेबांनी नवी पद्धत आणली.

दर माणसामागे एक जाड कार्ड. वर नाव. चारी कडांना बारीक भोकं. एकेक भोक म्हणजे एकेक गोष्ट. हे कॅम्प सातचं, ते हिवतापाचं, ते मयताचं. जी गोष्ट त्या माणसाला लागू, त्याच्या भोकापासून कडेपर्यंत चिमट्याने खाच कापायची. मग गठ्ठ्याच्या हव्या त्या भोकातून लांब सुई आरपार घालायची आणि उचलायची. ज्यांचं भोक शाबूत, ती कार्डं सुईला लटकून राहतात. खाचवाली खाली पडतात.

डावखुऱ्यांचंसुद्धा एक भोक होतं. बांबू तोडणारे ओळीने उभे राहतात. डावखुरा मधे आला तर कोयता शेजाऱ्याला लागतो. म्हणून त्याला टोकाला ठेवायचं.

वच्छला चौथी शिकलेली, हाताने हलकी. हे काम तिच्याकडे होतं. सहा महिन्यांची लेक ओसरीत झोळीत झुलायची. नवरा पत्रू त्याच कंपनीत, कॅम्प सातवर.

कारकून बशीरभाई चिडवायचे, "काय बाई, नवऱ्याची आठवण आली का सुई घालून पाह्यता वाटते?"

"पाह्यते नं. तुमच्या चष्म्यापरीस बरं दिसते त्यातून."

दर शुक्रवारी कार्डांवरून यादी व्हायची. शनिवारी ती ट्रकने जंगलात जायची. यादीत ज्याचं नाव जिथं, तो माणूस तिथं. त्यापुढे कॅम्पवरचे मेट, म्हणजे मुकादम, कोणाचं ऐकत नसत.

माघात पहिल्यांदा झालं.

मयतांची मोजणी होती. हंगामात चार माणसं गेलेली. वच्छलाने सुई उचलली. पडली पाच.

पाचवं कार्ड दादाजीचं. कॅम्प सात. मयताचं भोक शाबूत. खाच नाहीच.

"सुई चुकली असन तुमची," बशीरभाई म्हणाले.

नऊ दिवसांनी ट्रकवाल्याने निरोप आणला. दादाजी गेला. तीन दिवसांचा ताप. कार्ड पडलं त्या दिवशी तो धडधाकट बांबू तोडत होता.

मग झिंगूचं कार्ड पडलं. तोही सातवरचाच. भोक शाबूत.

आठ दिवसांनी झिंगू गेला.

यावेळी बशीरभाई चष्मा पुसत बसले.

आणि मग तो शुक्रवार.

सगळे जेवायला उठले होते. टिन उन्हाने तडतडायचं, ते थांबलं. कावळा नाही, कुत्रं नाही. झोळीची दोरी करकरायची, तीसुद्धा...

गप्प.

वच्छलाने मयताच्या भोकातून सुई उचलली.

टप्. टप्. मेलेले सहा, सहा पडली. ती सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात...

टप्.

सातवं पालथं पडलं होतं. तिने उलटून पाहिलं.

पत्रू.

तिने ते परत गठ्ठ्यात घातलं. सुई उचलली. पडलं.

पुन्हा. पडलं.

शेवटी तेवढं एकच कार्ड तिने सुईत ओवलं आणि डोळ्यांसमोर धरलं. सुईभोवती भोकाची कड पुरी गोल होती. ती पापणी न लववता पाहत राहिली. सुई हलली नाही. कागद फाटला नाही.

आणि कार्ड जमिनीवर होतं.

बशीरभाई जेवून आले, तर ती त्यांच्या पायाशीच बसली.

"भाऊ, माह्या माणसाले सातवरून हलवा. आजच्या यादीत हलवा."

"साहेबाले काय सांगू? कार्ड पडलं म्हून?"

"तुम्ही पाह्यलं नाई का? दोन डाव पाह्यलं तुम्ही!"

त्यांनी मान खाली घातली. "पाह्यलं, बाई. पण सातवरून एक काढला तं सातले दुसरा द्या लागते. कोणाले देऊ? तुम्हीच नाव सांगा."

ती उठून गठ्ठ्यापाशी गेली.

"जुम्मा आहे. नमाजीले जाऊन येतो. आल्यावर यादी करू." ते गेले.

वच्छला एकटी उरली. पत्रूच्या कार्डावरची कॅम्प सातची खाच बुजवायची तर कागदाची पट्टी, डिंक. वाळायला वेळ लागतो आणि दिसूनही येतं. नाव बदलायला मात्र ब्लेड पुरतं.

तिने कॅम्प दोनच्या भोकातून सुई घातली. जे कार्ड पहिलं पडलं, तेच उचललं. निवडलं नाही. हे त्या मला चारदा सांगतात, निवडलं नाही म्हणून.

नाव होतं इतवारी.

तिने दोन्ही नावं खरवडली. सातच्या कार्डावर इतवारी लिहिलं. दोनच्या कार्डावर पत्रू. त्या दुसऱ्या कार्डाच्या कडेला आणखी एक खाच होती. तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ओसरीत लेक रडत होती, पान्हा फुटून चोळी भिजली होती, आणि दोनदा ब्लेड बोटात गेलं.

यादी झाली. ट्रक गेला.

होळीच्या आदल्या दिवशी निरोप आला. कॅम्प सात. इतवारी. तीन दिवसांचा ताप. तिथंच पुरला.

मयताची खाच कापायचं काम तिचंच होतं. चिमटा 'कट्ट' वाजला. तो आवाज तिच्या कानात अजून आहे.

आणि होळीला पत्रू घरी आला. चालत, हसत, खांद्यावर घोंगडी. तिने लेक त्याच्या हातात दिली आणि दाराआड जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. वाचला. माझा माणूस वाचला.

बाहेर आली, तर तो तंबाखू मळत होता.

डाव्या तळहातावर घेऊन उजव्या अंगठ्याने मळायची त्याची जन्माची सवय. आता तंबाखू उजव्या तळहातावर होती. अंगठा... डावा.

"हात दुखावला का जी?"

"नाई तं. काऊन?"

जेवायला बसला. घास डाव्या हाताने घेतला.

दुसऱ्या दिवशी हापिसात तिने पत्रूच्या नावाचं कार्ड काढलं. कडेची ती दुसरी खाच बोटाने चाचपली.

डावखुरा.

चार दिवसांनी इतवारीची बायको देवकाबाई हापिसात आली. नवऱ्याची घोंगडी, कोयता काही मिळेल का विचारायला. सोबत तीन वर्षांची पोर. वच्छलाला मान वर करवेना. तेवढ्यात पत्रू तिची शिदोरी घेऊन आला.

पोरीने त्याला पाहिलं. आणि धावली.

"बाबा!"

त्याने वाकून तिला डाव्या हाताने कडेवर घेतलं. सहज. रोजचंच असावं तसं.

"आली का माही रंभी?"

देवकाबाई ओरडली नाही. जवळ जाऊन तिने पोर ओढून घेतली आणि वच्छलाला विचारलं,

"बाई, तुमच्या माणसाले माह्या पोरीचं नाव कोणं सांगतलं?"



दोन वर्षं झाली. वच्छलाबाई अजून तेच काम करतात. दर शुक्रवारी मयताच्या भोकातून सुई घालतात. पत्रूच्या नावाचं कार्ड घट्ट लटकलेलं असतं, एकदाही पडलं नाही. ते पाहून जीव भांड्यात पडतो, म्हणतात. आणि मग संध्याकाळी घरी जायला पाय उचलत नाहीत.

परवा दोघं आमच्याकडे आले होते. भाऊजी माझ्या लेकराला दूधभात भरवत होते. डाव्या हाताने. माणूस मायाळू आहे, वाईट काही नाही. पण लेकरू तोंड उघडत नव्हतं... टक लावून त्यांच्याकडे पाहत होतं.

वच्छलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाल्या,

"वहिनी, मी घरी आणलं कोणाले? अन् तिकडे जंगलात एकटा पडला आहे, तो कोण?"

मी पुढे होऊन लेकरू उचलून घेतलं.

भाऊजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसले. भरवायचा घास त्यांच्या हातात तसाच होता.