मिठाच्या सायीखाली

उम्मार परत आणायचा होता. तेवढ्यासाठीच ती तिघं ओश्माच्या रणात शिरली होती.

उम्मार हा झुराख टोळीचा नगारा. त्याच्या ठोक्यांवाचून नवी थोरली गादीवर बसत नसे, आणि सहा वर्षांपूर्वी तो नऊ जणांसकट रणातल्या मिठाखाली गेला होता. तेव्हा थोरली धडधाकट होती, म्हणून कुणी फारसा घोर लावून घेतला नाही. आता तिने अंथरूण धरलं होतं. तीन घराण्यांतल्या तिघी जणी गादीवर हक्क सांगत होत्या आणि घराघरात भाल्यांना धार लागत होती. अशात मीठ वेचणाऱ्यांनी बातमी आणली. यंदा रण कधी नव्हे इतकं सुकलंय, आणि काळ्या सुळक्याच्या दक्षिणेला नगाऱ्याचं तांब्याचं कडं उन्हात चमकतंय!

तिथवर जायची वाट एकटीलाच ठाऊक होती, आणि तिलाच टोळीने हाकलून दिलं होतं.

घुर्झा सांडणीवाल्यांच्या तळावर ओझी उचलून पोट भरत होती. तरसवंशातल्या बायका पुरुषांपेक्षा हातभर उंच असतात. घुर्झा त्यांच्यातही उंच. पण पाठीवर जिथे आयाळ असायला हवी, तिथे चुन्याने भाजलेला गुळगुळीत पट्टा होता. हद्दपार केलेल्याची आयाळ पुन्हा उगवू देत नाहीत.

तिला बोलवायला खेरूम आली. साठी उलटलेली, एक कान फाटलेला, मुस्कटावरचे केस पांढरे. "नगारा आण आणि घरी ये," ती म्हणाली. "बैठकीने शब्द दिलाय. मीच द्यायला लावला."

घुर्झाला तिच्या डोळ्यांकडे बघवेना. त्या नऊ जणांत खेरूमचा ताझन होता.

"तुम्ही कशाला येता, खेरूमाई? रण आहे ते."

"माझं पोर तिथं आहे," खेरूम म्हणाली. "मी येणार."

तिसरा इझ्बू. हा टोळीचा नगारावाला. अंगाने काटकुळा, जिभेने तिखट. वेताच्या घसरगाडीवर पाण्याच्या चार पखाली, मांसाच्या सुकट पट्ट्या, एक लांब दोर आणि लोखंडी आकडा बांधून तो तयारच होता. "सहा वर्षं बेकार आहे, ताई," तो घुर्झाला म्हणाला. "लोकांची दारं वाजवतो ना, तीसुद्धा तालात वाजवतो. लोक शिव्या देतात."

घुर्झा हसली. हसल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

पहिला दिवस बरा गेला. डोळ्यांवर घोड्याच्या केसांची जाळी बांधून तिघं चालत होती, तरी मिठाचा पांढरा उजेड पापण्यांतून आत घुसत होता. जिथवर नजर जाईल तिथवर नुसतं मीठ. कुठे फरशीसारखं सपाट, कुठे नांगरून ठेवल्यासारखं उसकटलेलं, आणि कडेला, आकाश जिथे टेकतं तिथे, नसलेल्या पाण्याची थरथर. घुर्झा पुढे चालत होती. भाल्याचा दांडा ठोकायची, आवाज ऐकायची, मग पाऊल टाकायची. ठण्ण वाजलं तर खाली दगडासारखं मीठ. बद्द वाजलं तर नुसती साय, आणि सायीखाली तळ नसलेला चिखल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा उठला. बघता बघता पांढरी भिंत अंगावर आली!

"गाडी आडवी करा! खाली बसा!"

मिठाचे कण सुयांसारखे टोचत होते. तिघं एकमेकांना बिलगून गाडीआड बसली. खेरूमने आपल्या जाड आयाळीचं पांघरूण घुर्झाच्या उघड्या पाठीवर घातलं. घुर्झाला तिथून उठून वाऱ्यात जाऊन उभं राहावंसं वाटलं.

वारा थांबला तेव्हा चारांतल्या तीन पखाली फाटल्या होत्या. मिठाच्या पात्यांनी चामडं चिरलं होतं.

"एक उरली," इझ्बू म्हणाला. "जायला पुरेल. यायचं म्हणाल तर... मी कमी बोलेन. तोंड कोरडं पडणार नाही."

"तू कमी बोललास तर मी उरलेलं पाणी ओवाळून टाकीन," खेरूम म्हणाली.

परत फिरावं का, असं घुर्झाने विचारलं. खेरूमने नकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांपुढे तीन घराण्यांचे भाले होते.

दुपारच्या विसाव्याला खेरूमने झोळीतली हाडाची नळी काढून फोडली आणि आतला मगज अर्धा घुर्झापुढे धरला. "खा. परत गेल्यावर माझ्या अंगणातच राहा. खोली रिकामीच आहे. मी तेव्हाही बैठकीत उभी राहिले होते, आठवतं ना? म्हटलं, वारा पाठीकडून असला की पुढच्या चिखलाचा वास कुणाच्याच नाकाला येत नाही. माझा मुलगा गेलाय, आणि मीच सांगते, हिला मारू नका."

"आठवतं."

"अजूनही काही लोक कुजबुजतात. मी तोंडावर सांगते, वास आला नव्हता अशी घुर्झाने शपथ घेतलीय."

घुर्झाने मगज घाईघाईने गिळला. पखालीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं तिने, तरी तिला घोटभर पाणी प्यावंच लागलं.

शपथ तिने घेतली होती, हे खरं. आणि ती खोटी होती. त्या वर्षी सांडणीवाल्यांशी तह करून नगारा परत आणताना रणाला वळसा घालून दहा दिवस लागले असते. घुर्झा थोरलीपुढे फुशारकी मारून निघाली होती, चार दिवसांत दारात उभी राहीन म्हणून. दुसऱ्या दुपारी तिच्या नाकाला वास आला होता. सडक्या अंड्यांचा, पायाखालून झिरपणारा. क्षणभर ती थबकली होती. ताझनने विचारलंही होतं, "काय झालं, ताई?" ती म्हणाली होती, "काही नाही. चल." ती एकटी पुढे होती, साय तिच्या भाराला टिकली. नगारा खांद्यावर घेतलेले नऊ जण एकत्र मागून आले. साय त्यांच्या भाराला टिकली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काळा सुळका दिसला, आणि त्याच्या दक्षिणेला एक लाल ठिणगी. तांब्याचं कडं!

"उम्मार!" इझ्बू किंचाळला आणि तरसाचं ते लांबलचक, चढत जाणारं हसू हसला. रणात ते हसू कितीतरी वेळ घुमत राहिलं.

नगारा तिरका रुतला होता, अर्धा वर. घुर्झाने दांडा ठोकत ठोकत गाडी पंचवीस पावलांवर आणली आणि थांबवली. इथवर ठण्ण होतं. पुढे तिने वाकून दांडा लांबवला. बद्द.

"इथून पुढे कुणी नाही. इझ्बू, आकडा फेक."

पहिल्या फेकीला आकडा चुकला. दुसऱ्या फेकीलाही चुकला. तिसऱ्या फेकीला कड्यात खट्टकन अडकला! दोघांनी दोर ओढला. मीठ कुरकुरलं, नगारा डुगडुगला आणि मुळापासून सुटलेल्या दातासारखा हलू लागला.

तेवढ्यात खेरूम पुढे चालू लागली.

"खेरूमाई!"

"त्याचा पट्टा आहे," खेरूम म्हणाली. ती मागे बघतच नव्हती. नगाऱ्याच्या दोरखंडाला निळ्या मण्यांचा एक कमरपट्टा गुंडाळलेला होता. बुडताना कुणीतरी स्वतःला बांधून घ्यायला बघितलं असावं. "मी ओवलाय तो. ते मणी मी ओवलेत."

"मागे या! खाली चिखल आहे! वास येतोय!"

खेरूम थांबली. तिने नुसती मान वळवली. तिची आयाळ वाऱ्याने पुढे, तोंडावर येत होती.

"वारा पाठीकडून आहे, घुर्झे. वास कसा येईल? मला घाबरवू नकोस. मी हलकी आहे."

आणि तिने पुढे पाऊल टाकलं.

घुर्झाला कळलं, की आता आपलीच खोटी शपथ या बाईला खाली नेणार आहे.

"येतो!" ती ओरडली. "पायाखालून येतो, खेरूमाई! वाऱ्याचा काही संबंध नाही! त्या दिवशीही आला होता!"

इझ्बूच्या हातातला दोर ढिला पडला.

"त्या दिवशीही आला होता," घुर्झा म्हणाली. "मला कळलं होतं. मी बोलले नाही. चार दिवसांत पोचायचं होतं मला. ताझनने विचारलं, आणि मी त्याला चल म्हटलं. बैठकीत खोटं बोलले. तुमच्या जिवावर जगले. आता एक पाऊलही टाकू नका. तुमच्या पाया पडते!"

खेरूम पुतळ्यासारखी उभी होती. ती काही बोलणार होती. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात साय फाटली!

आवाज फार झाला नाही. म्हातारी कमरेपर्यंत आत गेली, मग छातीपर्यंत. काळा चिखल मिठावर पसरला. सडका भपकारा उठला.

"दोर!" घुर्झा ओरडली. "आकडा सोडव!"

"ताई, नगारा सुटलाय, आता सोडला तर..."

"सोडव म्हणते ना!"

इझ्बूने दोराला हिसडा दिला. एकदा. दोनदा! आकडा निसटला. घुर्झाने गाडीवरचं सगळं सामान फेकलं, गाडी सायीवर ढकलली आणि दोराचं टोक दातांत धरून तिच्यावर पालथी झाली. गाडी सरकली. मीठ करकरलं. दहा पावलं. पंधरा. खेरूमचं फक्त तोंड आणि एक हात वर होता.

"हात द्या!"

खेरूमने हात दिला नाही. ती घुर्झाकडे बघत होती.

"नंतर मारा मला!" घुर्झा म्हणाली. "आधी हात द्या!"

हात आला. घुर्झाने काखेखालून दोर वळवला, गाठ मारली. "ओढ, इझ्बू!" इझ्बूने दोर कमरेला गुंडाळून टाचा मिठात रोवल्या. चिखल सोडत नव्हता. घुर्झाने खांद्यापर्यंत दोन्ही हात आत घातले, म्हातारीचा कमरपट्टा पकडला आणि वर उचललं. गाडीचा वेत मोडला! आणखी एक हिसका! चिखलाने चुंबल्यासारखा आवाज केला, आणि खेरूम बाहेर आली.

तिच्यामागे, कुणाचंही लक्ष नसताना, उम्मार तिरका झाला. तांब्याचं कडं एकदा चमकलं. निळे मणी दिसले. मग तिथे फक्त बुडबुडे उरले.

ठण्ण मिठावर तिघं पडून राहिली. इझ्बू रडत होता, नगाऱ्यासाठी की कशासाठी, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने खेरूम उठून बसली.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "सहा वर्षं मी लोकांची तोंडं बंद करत आले."

घुर्झाने भाला तिच्यापुढे ठेवला. खेरूमने तो उचलला, हातात तोलला, आणि इझ्बूकडे दिला.

"माझ्या एकटीचाच मुलगा गेला नव्हता. नऊ घरं आहेत. प्रत्येक दारात जायचं आणि आत्ता ओरडून सांगितलंस तेच सांगायचं. एक शब्दही कमी करायचा नाही. पुढे ती घरं काय ते बघतील."

परतीचे तीन दिवस त्या एका पखालीत उरलेल्या पाण्यावर काढले. पाणी वाटायचं काम खेरूमने स्वतःकडे घेतलं. तिने तिघांनाही सारखंच दिलं, पण घुर्झाशी ती एक अक्षर बोलली नाही.

घुर्झा वेशीतून आत आली तेव्हा आधी आरडाओरडा झाला, नगारा कुठे म्हणून. मग ती पहिल्या दारात उभी राहिली आणि बोलू लागली, आणि हळूहळू गल्ली गप्प झाली. एका घराने तिच्या अंगावर उकळता रस्सा फेकला. एकाने दार लावून घेतलं. ती बंद दाराशी बोलली. एका बापाने तिच्या डाव्या हाताची दोन बोटं तोडली, आणि तो हक्क त्याचा होता. एका आईने फक्त विचारलं, "घाबरला होता का?" घुर्झाने सांगितलं, "हो. माझं नाव घेऊन ओरडत होता." मागून चालणाऱ्या गर्दीत तिन्ही घराण्यांचे लोक होते, हातात भाले घेतलेले. सहाव्या दारानंतर कुणीतरी भाला भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्यांनीही ठेवले. नव्या थोरलीचा वाद पुढे दोन महिने चालला, शिव्याशाप झाले, पण रक्त सांडलं नाही. आणि शेवटी जी निवडली गेली, तिच्या गादीचे ठोके इझ्बूने रिकाम्या माठावर वाजवले.

घुर्झाची हद्दपारी उठली नाही. उठावी असं तिने मागितलंही नाही.

ती निघाली त्या सकाळी वेशीच्या दगडाशी खेरूम बसलेली होती. घुर्झा मान खाली घालून पुढे जाऊ लागली.

"बस," खेरूम म्हणाली.

घुर्झा बसली. दगडाच्या बाहेरच्या बाजूला.

"मी तुला क्षमा केलेली नाही. करीन असं वाटत नाही. पण त्याच्या शेवटच्या दोन दिवसांत त्याच्याबरोबर तू होतीस. मी नव्हते. आता तू खोटं बोलणार नाहीस, एवढं मला कळलंय." तिने फाटका कान खाजवला. "सांग. सगळं. सकाळी उठला तिथपासून."

घुर्झाने दोन बोटं गेलेला डावा हात मांडीवर ठेवला.

"उठला नाहीच लवकर," ती म्हणाली. "मी पाण्याचा शिपका मारला. तर झोपेतच मला म्हणतो, आई, अजून थोडंच."

खेरूमच्या घशातून एक आवाज निघाला. तरसाचं हसू आणि तरसाचं रडणं लांबून ऐकणाऱ्याला सारखंच वाटतं; कुंपणापाशी उभ्या असलेल्या इझ्बूलाही त्या दिवशी फरक कळला नाही.

"मग?" खेरूम म्हणाली. "मग काय झालं?"