रडायचं सगळ्यात शेवटी

"आत मांजर हाय का?"

जळकोटच्या फाट्यावरून तुळजापूरला निघालेली काळीपिवळी जीप, माणसं कोंबून भरलेली, आणि माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला आमच्या घरचा सीपीयू. शेजारी बसलेल्या पोरानं ते ध्यान बघूनच विचारलं होतं. मी त्याच्याकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"मांजर नाही, कंप्युटर आहे. बटण दाबलं की नुसतं पीं... पीं... करतंय. बसस्टँडमागच्या दुकानात दाखवायला चाललेय."

"त्या दुकानात मीच असतो की," तो म्हणाला. "खोडरबर हाय का तुमच्याकडं?"

आता मात्र मी बघितलं. सावळा, हसताना एक भुवई वर जाणारा. मला वाटलं, चेष्टा करतोय मेला! पण दुकानात पोचल्यावर त्यानं खरंच झाकण उघडलं, रॅमची हिरवी पट्टी उपसली, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले आणि पट्टी टक्‌ आवाज येईपर्यंत दाबून बसवली. बटण दाबलं... पीं पीं बंद! स्क्रीन उजळली, आणि काय सांगू, मीपण.

त्याचं नाव शिवशंकर. माकणीचा. वडील धुळाप्पा मेंढरं राखायचे, हा मात्र कंप्युटरच्या नादाला लागलेला.

"ध्यानात ठिवा," निघताना तो म्हणाला. "काय बी बिघडलं तर आधी वायर बघायची. मंग बंद करून चालू करायचं. मंग खोडरबर. रडायचं सगळ्यात शेवटी."

त्यानंतर आमचा कंप्युटर वरचेवर आजारी पडायला लागला. कधी खरा, कधी... जाऊ द्या, तुमच्यापासून काय लपवायचं? बाबा शाळेत क्लार्क होते, रिटायर झाल्यापासून कंप्युटरवर कीर्तनं ऐकत बसायचे. त्यांचा पासवर्ड लागेना, कारण कॅप्स लॉक चालू. तो मीच चालू ठेवलेला. एकदा तर तीन बटणं एकदम दाबून मी अख्खी स्क्रीन उलटी केली. बाहेर भाद्रपदातली भुरभुर, शिवशंकर भिजून आलेला, आणि खाली डोकं वर पाय झालेल्या स्क्रीनपुढं मान वाकडी करून उभा.

"मैथिलीताई, मान अवघडली तर कोण दाबून देणार?"

"ताई म्हणणाऱ्याची मान कोण दाबतंय!"

त्याची भुवई वर गेली. त्या दिवसापासून ताई गेलं... नुसतं मैथिली राहिलं.

दुसरा कुणी असता तर काम करून निघून गेला असता. हा शेजारी खुर्ची ओढून मला शिकवत बसायचा. प्रिंटर अडकला की रांगेतली जुनी कामं कशी काढून टाकायची, कंप्युटर मंदावला की कचरा कुठं साठतो... माऊसवर माझा हात, आणि त्याचा हात वीतभर लांब, तिथंच थबकलेला. मला लवकर समजायचं, पण मी उशिरा समजल्यासारखं करायचे. आई चहा ठेवून जाताना एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघायची.

मग एका शुक्रवारी तो आला. बाबा हातपाय धुवायला मागं गेले, तसा हळूच म्हणाला, "पुण्याहून बोलावणं आलंय. मोठी कंपनी हाय. जायचं तर सोमवारीच निघावं लागंल."



"मग... जाणार?"

"त्येच ठरंना. हितं कुणी थांब म्हणलं तर..." तो माझ्याकडं बघत राहिला. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा टॉवेल खांद्यावर टाकून परत आले. त्यानं घाईनं खोक्याचं झाकण काढलं, "आतली धूळ झटकून देतो" म्हणाला, आणि बंद करून निघाला. उंबऱ्यात मात्र थांबला. "रविवारपर्यंत हाय मी. अडचण आली तर बोलवा."

रात्रभर मी एकच ठरवत होते. रविवारी बोलवायचं आणि सरळ सांगायचं, थांब म्हणून. घरात वादळ झालं तर होऊ दे.

शनिवारी सकाळी बाबांनी बटण दाबलं. पीं... पीं... पीं...

आणि इथं माझ्या अकलेला पंख फुटले. हे तर मला येतंय! वायर काढली, झाकण उघडलं, पट्टी घासली, टक्‌कन दाबली. चालू! बाबा म्हणाले, "वा गं माझी इंजिनेर!" मला वाटलं, शिवशंकरला कळलं तर किती खूश होईल! आपली विद्यार्थिनी एवढी हुशार निघाली म्हणून उद्या मुद्दाम कौतुकाला येईल. मी लगेच फोन लावला.

"ओळखा काय झालं! पीं पीं करत होता, मी एकटीनं नीट केला! आता तुम्ही यायची काही गरजच नाही!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

"येतंय की," तो म्हणाला. "लई छान केलंत."

रविवारी मी नवा ड्रेस घालून बसले. तो आला नाही. फोन केला तर लागला नाही.

सोमवारी दुपारी त्याचाच फोन. "उमरगा-पुणे गाडीत हाय. पुण्याला चाललोय. फाट्यावर येता का?" मी चपला उलट्यासुलट्या घालून धावले. गाडी उभी होती, तो खिडकीत.

"शिवशंकर, अहो, मला सांगायचं होतं..."

"आधी माझं ऐका. त्या दिवशी ती पट्टी म्याच ढिली करून ठिवली हुती."

"का?"

"तोच आवाज वाजला की जीप आठवंल वाटलं. बोलवाल वाटलं." तो हसला, पण भुवई जागची हलली नाही. "तुमी तर म्हणलात, गरजच न्हाय."

"मी... तसं नव्हतं हो! मला..."

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी हलली. मी चार पावलं सोबत पळाले आणि मग, त्यानं सांगितलं होतं तसं, सगळ्यात शेवटचं केलं. भर फाट्यावर.

पुढं मी फोन केला नाही असं नाही. केला. पण तो म्हणाला, "बोला, काय अडचण?" आणि मी काय सांगावं? प्रिंटर! शाई नीट येत नाही म्हणाले. त्यानं दोन वाक्यांत उपाय सांगितला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काय खोटं आहे? गेल्या वर्षी माकणीच्या बाईकडून कळलं, शिवशंकरच्या आईच्या, नागूबाईच्या घरी सून आली. पुण्यातच असते. चांगली आहे म्हणे.

आता अख्खं गाव माझ्याकडं कंप्युटर घेऊन येतं. मी सगळ्यांना शिकवते, आधी वायर बघायची.

आमचा कंप्युटर म्हातारा झालाय. काल सकाळी बाबांनी बटण दाबलं आणि पुन्हा तेच... पीं... पीं...

"मैथिली, अगं बघ गं. तुला येतंय की हे!"

खोडरबर समोरच्या ड्रॉवरमध्ये होता. मी दारातच उभी राहिले.

"नाही बाबा," मी म्हणाले. "मला नाही येत. कुणालातरी बोलवा."